इंटर्नशिपचे फोटो पोर्टफोलिओत वापरू देत नाहीत? माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं वर आलं. संग्रहालयाच्या संवर्धन लॅबमध्ये (जुन्या वस्तूंची दुरुस्ती आणि जपणूक) इंटर्नशिप झाली, आता त्याच विषयातल्या मास्टर्सच्या अर्जाला पोर्टफोलिओ हवाय आणि फोटो वापरायची परवानगी मिळत नाही. माझंही अगदी हेच झालं होतं.

केमिस्ट्री किती लागते, अर्ज कसा करायचा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते. माझ्या लॅबमधले सीनियर जीव तोडून शिकवायचे, कंडिशन रिपोर्ट (वस्तूच्या अवस्थेची नोंद) पुन्हापुन्हा लिहून घ्यायचे. पण परवानगी प्रशासनाच्या हातात. तिथे कोणी स्पष्ट नकारही देईना आणि सहीही करेना. आधी म्हणे अर्ज द्या, मग हा विषय आमच्याकडे नाही, मग ज्यांच्याकडे आहे ते रजेवर. अर्जाची मुदत गेली, वर्ष वाया गेलं. इंटर्नकडून काम करून घेताना कुठलीच फाइल अडत नाही, तिच्याच कामाची नोंद तिला द्यायची म्हटलं की अडते, याचा आजही संताप होतो.

म्हणून पुढच्या वेळी रुजू व्हायच्या आधीच लेखी घ्या, की ट्रीटमेंट रिपोर्टची (काय दुरुस्ती केली त्याच्या नोंदीची) प्रत आणि आधीचे-नंतरचे फोटो पोर्टफोलिओत दाखवता येतील. तोंडी ‘बघू नंतर’ चालवून घेऊ नका.

आत्ता काय? माझं मत (मी कागदवाली, धातू-दगडवाल्यांचं वेगळं असू शकतं): स्वतःची, फारशी किंमत नसलेली जुनी पुस्तकं घ्या, दुरुस्त करा, स्केल आणि कलर कार्ड (फोटोतले रंग ताडून बघायची पट्टी) ठेवून, तिरप्या उजेडात सुद्धा, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. आणि निर्णयांमागची कारणं लिहा. फाटलेलं पान जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने का जोडलं, पीव्हीए (पांढरा सिंथेटिक गोंद) का नाही, तर खळ ओलाव्याने परत सुटते, पीव्हीए वाळल्यावर काढायला गेलं की कागदाचे तंतूच निघून येतात. मला विचाराल तर चकचकीत फोटोंपेक्षा हे जास्त बोलतं. लॅबमधल्या वस्तूंबद्दल मात्र नाव न घेता लिहायचं असलं तरी सुपरवायझरला विचारूनच.

इक्रोमच्या (ICCROM, वारसा-संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) कोर्सेसमागे आत्ताच लागू नका, तिथले बरेचसे आधीपासून काम करणाऱ्यांसाठी असतात.

अवांतर, पण महत्त्वाचं: सरावाला १९व्या शतकातलं चमकदार हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक मिळालं तर ते घेऊच नका, त्या रंगात आर्सेनिक असू शकतं. लॅबमध्ये हाताळावं लागलं तर नायट्राइल ग्लोव्हज घाला, आणि ते लॅबनेच द्यायला हवेत, स्टायपेंड असो वा नसो.