परमनंटच्या आधी हाताला काय येणार ते लिही

चि. मुली,

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. ‘दोन वर्षांत परमनंट, पाच वर्षांत सुपरवायझर, दहा वर्षांत स्वतःचं वर्कशॉप.’ आणि खाली घाईघाईत लिहिलेलं, ‘काका, चाकण की भोसरी?’

पुण्याजवळच्या या दोन औद्योगिक भागांतल्या दोन नोकऱ्यांपैकी कुठली घ्यायची, याचं उत्तर आधी देऊन टाकतो, उगीच जीव टांगणीला नको. भोसरी. का ते आता वाच, आणि नाहीच पटलं तर खुशाल चाकणला जा. मी रुसणार नाही.

तुझी तिन्ही ध्येयं दुसऱ्या कुणीतरी द्यायची आहेत. परमनंट करणार एचआर, सुपरवायझर करणार मॅनेजर, वर्कशॉपला कर्ज देणार बँक. म्हणजे पाच वर्षांनी काही मिळालं नाही, तर दोष तुझा की त्यांचा हेही तुला कळणार नाही. मोबाइलवर ध्येयाच्या गप्पा मारणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांना व्हिडिओ दीड मिनिटात संपवायचा असतो.

चाकणची ऑफर बघ. साडेअठरा हजार, बस, कॅन्टीन, युनिफॉर्म. पण पत्रावर शिक्का कॉन्ट्रॅक्टरचा आहे आणि काम असेंब्ली लाइनवरचं. एक स्टेशन, ठरलेले बोल्ट, ठरलेला टॉर्क (आवळायचा जोर), की पुढचा पीस समोर. ते काम सोपं आहे असं मी म्हणत नाही, आठ तास उभं राहून केलं की कळतं. पण तू आयटीआयला दोन वर्षं मशिनिस्ट ट्रेड केलास आणि तिथे तुझा मशीनला हातसुद्धा लागणार नाही. एक मात्र तपास. ती जागा १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली, तुझ्या ट्रेडमधली, नोंदणी झालेल्या कराराची असेल, तर माझं मत बदलेल. त्या अप्रेंटिसशिपनंतर परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे सरकारी कारखान्यांच्या भरतीत उपयोगी पडतं. नुसतं ‘ट्रेनी’ लिहिलं असेल तर त्याला तसा काही अर्थ नाही.

भोसरीची टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारं छोटं वर्कशॉप. चौदा हजार, सहा मशीन आणि मालक स्वतः ॲप्रन घालून उभा. तिथे काय मिळतं ते सांगतो. समज, ५० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक आहे, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, मशीनवरून उतरवल्या उतरवल्या तू भोकाचं माप घेणारं बोअर गेज लावलंस. अधिक ५ आलं, म्हणजे ओके. जेवून आलीस, जॉब गार झाला, आणि आता गो गेज, म्हणजे बोअर पुरेसा मोठा आहे का ते तपासणारं गेज, आत जाईना! पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब १५ अंशांनी गरम होता, म्हणजे ५० मिलिमीटरला आठ-नऊ मायक्रॉनचा फरक पडला. आयटीआयच्या परीक्षेत हे तू लिहिलंही असशील. पण लिहिलेलं विसरतं. शेजारचा फिटर गेज न लावताच जॉबवर पालथा हात ठेवून ‘गार होऊ दे गं आधी’ म्हणतो ना, ते विसरत नाही. लाइनवर असा माणूस शेजारी नसतो. असलाच तरी त्याला बोलायला फुरसत नसते.

म्हणून ध्येय असं लिही: अमुक महिन्यापर्यंत अमुक काम मी कुणाला न विचारता करेन. दिवाळीपर्यंत ड्रॉइंग हातात आलं की जॉब बांधणं, डायल लावणं, जी-५४ चा झीरो (प्रोग्रॅमची मापं जिथून मोजतात ती जागा) घेणं आणि पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत) काढणं, सगळं स्वतः. पुढच्या दिवाळीपर्यंत साधा प्रोग्रॅम हाताने लिहिणं आणि फानुक, सीमेन्स या दोन्ही कंपन्यांचे मशीन-कंट्रोल चालवता येणं. कॅमचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं, सॉफ्टवेअर त्यानंतर. ते आधी शिकलेली पोरं स्क्रीनवर सुरेख टूलपाथ (टूलची वाट) काढतात आणि जॉब पकडून ठेवणारा फिक्श्चरचा क्लॅम्प नेमका टूलच्याच वाटेत येतो. तिसऱ्या वर्षापलीकडचं आत्ता लिहूच नकोस. टूल डिझाइन आवडेल, की क्वालिटीत सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) बसावंसं वाटेल, हे तोवर तुलाच दिसेल. मला सुरुवातीला मापं घेण्याचा कंटाळा होता, पुढे तेच काम सगळ्यात आवडीचं झालं. जमायला लागलं की आवडायला लागतं, निदान आमच्या धंद्यात तरी.

आता पैसे. साडेचार हजारांचा फरक माझ्यासारख्या पेन्शनवाल्याला सोपा वाटतो. तुला घरी सहा हजार पाठवायचे आहेत, धाकट्याची फी आहे. म्हणून मालकाशी बोलतानाच विचार: सहा महिन्यांनी सेटिंग एकटीने जमलं तर पगार किती? आकडा वदवून घे. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे, तो तिथे मिळतो का ते मालकाला नको, तिथल्या पोरांना विचार. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) घे आणि पासबुकात दर महिन्याला भरणा दिसतो का ते बघ. आणि नोकरी बदललीस की पीएफ काढून खाऊ नकोस, ट्रान्सफर कर. पेन्शनला दहा वर्षांची सेवा धरली जाते, ती मध्येच मोडते. चौदा हजारांत खरंच भागत नसेल, तर वर्षभर चाकण करून मग टूलरूम, हाही रस्ता आहे. फक्त वर्षभरच, आणि ती तारीख आत्ताच लिहून ठेव.

डिप्लोमाचं तू काहीच लिहिलं नाहीस. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना आपल्याकडे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. घरची घडी बसली की त्याचा विचार कर. कागद नसला की एका टप्प्यावर कंपन्या वर जाऊ देत नाहीत, हाताला कितीही येत असो. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथले छोटे कोर्सही बघून ठेव.

वर्कशॉपचं स्वप्न खोडू नकोस. पण ते मशीनपासून सुरू होत नाही. कर्ज काढून मशीन आणणारे पुष्कळ, त्याला रोज काम कुठून आणणार याचा हिशेब करणारे थोडे. मालक कोटेशन काढत असेल तेव्हा चहाच्या निमित्ताने जवळ जा. तासाचा रेट कसा धरतो, मटेरिअल कुणाचं, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) किती पीसला बदलतो, रिजेक्शन कुणाच्या डोक्यावर, ते ऐक. बिलाचे पैसे कधी येतात तेही विचार. एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगांच्या, कायद्यात छोट्या पुरवठादाराचे पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा आहे. ती मोडणारे मोठे खरेदीदार तुला भोसरीतच भेटतील, आणि हप्ता तरी बँकेला पाच तारखेलाच लागतो. हे तीन-चार वर्षं जवळून पाहिलंस की दहा वर्षांत वर्कशॉप काढायचं की नाही, हे मला विचारावं लागणार नाही.

‘टूलरूममध्ये मुलगी?’ असं म्हणणारा एखादा निघेलच. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, पहिला पीस मापात काढ. पण लेडीज टॉयलेट आहे का आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी जायची सोय काय, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट विचार. त्यात लाजायचं काही नाही.

सोमवारी ट्रायल घेतील. बहुतेक व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात देऊन मापं घ्यायला सांगतील. मायक्रोमीटर रॅचेटनेच (टोकाच्या कटकट वाजणाऱ्या गुंडीने) फिरव, आवळू नकोस, आणि आधी झीरो तपास. केस बांधून, सेफ्टी शूज घालून जा. रविवारी चारनंतर मी घरीच आहे. वहीचं नवीन पान लिहून आण, पेन्सिलनेच लिही.

तुझा,
काका