व्हाउचरवर सही आहे, मुदत नाही

प्रश्न : आमचे तालुक्याचे ‘अ’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालय आहे. एका सूचीकार बाईंकडून जुन्या मासिकांची सटीप लेखसूची करून घेतली. 4,200 नोंदी, मानधन 60,000 रुपये. मार्च 2019 मध्ये व्हाउचरवर ‘सूचीचे सर्व हक्क ग्रंथालयास दिले’ असे लिहून त्यांनी सही केली. सूची आमच्या संकेतस्थळावर आहे. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : सूची काढा, बाई ती पुस्तकरूपाने छापणार आहेत. पैसे आम्ही मोजले, मग हक्क त्यांचा कसा? – एक ग्रंथपाल

उत्तर : पैसे कोणी मोजले यावर लेखनाचा कॉपीराइट ठरत नाही. बाई तुमच्या पगारी नोकरीत असत्या तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मालकी ग्रंथालयाची झाली असती. मानधनावर बाहेरून करून घेतलेल्या लेखनाची पहिली मालकी लिहिणाऱ्याची. ग्रंथालय अनुदानित असल्याने ते ‘शासकीय काम’, म्हणजे पहिली मालकी सरकारची असलेले काम होईल, अशी आशाही धरू नका.

प्रकरणाचा निकाल त्या व्हाउचरवर लागेल. हक्क लेखी दिलेत, सहीही आहे, इथवर ठीक. पण किती काळासाठी दिले, हे लिहिलेलेच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 चे पोटकलम 5 सांगते की मुदत लिहिली नसेल तर ती हक्क दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षे धरावी. म्हणजे मार्च 2024 मध्ये हक्क बाईंकडे परत गेले आणि तुम्ही तेव्हापासून सूची विनापरवाना दाखवता आहात. ‘सर्व हक्क’ म्हणजे कायमचे हक्क, असा युक्तिवाद तुमचा वकील करून पाहील. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. कार्यकारी मंडळाचा ठराव दाखवू नका, त्यावर बाईंची सही नाही. साठ हजार देताना एक ओळ जास्त लिहून घेतली असती तर ही नोटीस आलीच नसती.

तरी सगळेच गेलेले नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले की संकलनाला नुसत्या कष्टांवर संरक्षण मिळत नाही, त्यात थोडी तरी कल्पकता लागते. लेखाचे शीर्षक, लेखक, महिना-वर्ष, पृष्ठ ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. टिपा मात्र बाईंच्या आहेत. विषयवार मांडणीही बहुधा त्यांचीच धरली जाईल. म्हणून आजच टिपा आणि विषयशीर्षके संकेतस्थळावरून उतरवा, उरलेल्या नोंदी अंकानुक्रमे लावा. प्रत्येक अंकातला प्रत्येक लेख नोंदला असेल तर तुमची बाजू बरी. निवडक लेख घेतले असतील तर ती निवडही बाईंची ठरू शकते.

संकेतस्थळावर ‘संकलन : ग्रंथालय’ एवढेच असेल तर बाईंचे नाव लगेच घाला. हक्क विकले तरी कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कलम 57 खाली लेखकाकडेच राहतो. अशा नोटिशींचे मूळ बरेचदा तिथेच असते.

नोटिशीला उत्तर तिच्यात दिलेल्या मुदतीत, ‘हक्क राखून’ (म्हणजे ते तुमची कबुली धरले जाऊ नये असे), आणि तडजोडीचे द्या. पुन्हा मालकी विकत घेण्याच्या फंदात पडू नका. तुम्हाला सूची फक्त वाचकांसमोर ठेवायची आहे. बाईंना पुस्तक छापू द्या आणि अनन्य नसलेला, म्हणजे बाईंना स्वतःला व इतरांनाही वापर मोकळा ठेवणारा, लेखी परवाना घ्या. त्यात कामाचे नाव व नोंदींची संख्या लिहा. साठवणे, संकेतस्थळावर दाखवणे, वाचकाला प्रत काढून देणे हे हक्क एकेक करून लिहा. मोबदला, ‘कॉपीराइट अस्तित्वात असेपर्यंत’ ही मुदत आणि ‘भारतासह सर्व जग’ हे क्षेत्रही हवे, कारण क्षेत्र लिहिले नाही तर ते भारतापुरतेच धरतात. परवान्यालाही कलम 19 लागते, तेव्हा मुदत पुन्हा विसरलात तर पुन्हा पाच वर्षेच. वर्षभर वापर झाला नाही तरी हक्क बुडणार नाही, हेही लिहून घ्या. मार्च 2024 पासूनच्या वापराबद्दल तक्रार नाही, हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे.

कोर्टात जिंकू, असे कोणी सांगितले तर हिशेब मांडा. दाव्याची किंमत तीन लाख वा जास्त असेल तर तो वाणिज्यिक न्यायालयात जातो आणि आधी मध्यस्थी सक्तीची असते. पण तातडीची मनाई मागितली की ती पायरी गळते, आणि बाई तेच मागतील. तूर्तातूर्त मनाई मिळाली की अंतिम सुनावणीची तारीख कधी येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. तोवर सूची बंद.

संकेतस्थळाचा मजकूर, स्मरणिकेचे संपादन अशी बाहेरून करून घेतलेल्या इतर कामांची व्हाउचरेही कपाटातून काढा. ज्यांना पाच वर्षे झालेली नाहीत, त्यांच्याकडून मुदतीचे पूरक पत्र सहीनिशी घेता येईल.