तीस वर्षांपुढच्या पाण्याचा हिशेब

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असून, बांधकामाच्या साइटपेक्षा शहरांना पुढे किती पाणी लागेल आणि किती सांडपाणी निघेल याचा अंदाज बांधण्याकडे तिचा ओढा आहे, असे आपण लिहिले आहे. ‘नुसत्या आकडेमोडीत करिअर कसले?’ ही आपली शंका आहे. आकडेमोड त्यात थोडीच असते. खरा कस लागतो तो गृहीतके ठरवताना.

समजा, लागोपाठच्या तीन जनगणनांत एका गावाची लोकसंख्या 50,000, 60,000 आणि 72,000 भरली. अंकगणिती वाढ, म्हणजे दर दशकात सरासरी तेवढ्याच माणसांची भर, धरली तर 30 वर्षांनी ती 1,05,000 होते, भूमितीय वाढ, म्हणजे दर दशकात त्याच टक्केवारीने वाढ, धरली तर सुमारे 1,24,400. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठीचा माणशी दररोज 135 लिटरचा निकष लावल्यास या दोन उत्तरांतला फरकच रोज सुमारे 26 लाख लिटर भरतो, आणि पुरवलेल्या पाण्याच्या साधारण 80 टक्के सांडपाणी निघते असे धरत असल्यामुळे मैलाशुद्धीकरण केंद्राची क्षमताही त्याबरोबर बदलते. अंदाज तोकडा पडला की टँकर येतात, हे सर्वांना दिसते. तो फाजील ठरला, तर मोठ्या व्यासाच्या गटारांत प्रवाह मंदावून गाळ बसतो आणि कर्जाचे हप्ते मात्र नगरपालिकेला चुकत नाहीत. कोणती वाढ धरायची हे जवळ औद्योगिक वसाहत येते आहे का, हद्दवाढ होणार आहे का, यांवर ठरते. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. अशी उडी कोणत्याही सूत्रात बसत नाही. त्यात 2021ची जनगणना वेळेवर न झाल्याने मिळकतकराच्या नोंदी, वीजजोडण्या आणि बांधकाम परवानग्या यांवरून वाढ ताडावी लागते.

म्हणून पदवीनंतर केवळ पर्यावरण अभियांत्रिकीच डोळ्यांसमोर ठेवू नये. ‘गेट’ ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन तो मार्ग खुला राहतोच. परंतु दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधील किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण या कामाला अधिक जवळचे आहे, असे माझे मत आहे. नोकऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, महापालिका आणि सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्या यांत असतात. सरकारी भरती अनियमित असते, त्यामुळे पहिली काही वर्षे सल्लागाराकडे काढण्याची तयारी असावी.

तूर्त तिने क्यूजीआयएस हे नकाशांवर माहिती मांडण्याचे सॉफ्टवेअर शिकावे आणि आपल्याच गावाच्या पाणीपुरवठा योजनेचा जुना अहवाल मिळवून, त्यातील लोकसंख्येचा अंदाज 2011च्या जनगणनेशी ताडून पाहावा. तफावत का पडली, हे तिला दोन पानांत मांडता आले, तर ती पाने मुलाखतीला सोबत न्यावीत.