पहिले वायरलेस इयरबड घेतल्यावर

नवे इयरबड घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा ‘यात बेसच नाही’, म्हणजे खालचे सूर घुमतच नाहीत, अशी असते, आणि दोष बहुतेक वेळा इयरबडचा नसून कानात सैल बसलेल्या इयरटिपचा असतो. खोक्यात साधारणपणे तीन मापांच्या सिलिकॉनच्या टिप येतात, पण मंडळी आधीच बसवलेली मधली जोडीच वापरत राहतात. तुम्ही सगळी मापे घालून पाहा. दोन्ही कानांना वेगवेगळे माप लागले तरी त्यात वावगे काही नाही. कान हलकेच मागे-वर ओढून बड आत सरकवा आणि किंचित फिरवा. डोक्यावरच्या पंख्याची घरघर एकदम मंदावली, की बैठक जमली असे समजा. अर्ध्या तासात कान ठणकू लागला, तर मात्र लहान माप घ्या.

गाणी सुरेल वाजतात आणि फोन येताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, हा बहुधा बिघाड नव्हे. मायक्रोफोन सुरू झाला, की ब्लूटूथ सहसा गाण्यांचा स्टिरिओ प्रकार सोडून बोलण्यासाठीच्या कमी दर्जाच्या मोनो प्रकारावर जाते. म्हणून कॉलची पारख गाण्यावरून करू नका. रहदारीच्या रस्त्यावरून घरी फोन लावून तुमचे बोलणे कसे ऐकू येते, ते विचारा.

कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आटोपशीर करण्याच्या पद्धतींची, चर्चा (ती संपतच नाही) तूर्त बाजूला ठेवा आणि एवढे टाळा:

- बैठक सैल असताना इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीत) बेस वाढवणे.
- जाळीतला मळ टाचणीने टोकरणे. कोरडा, मऊ ब्रश पुरेसा आहे.
- गोंगाटात आवाज चढवत नेणे.