ऑफिसच्या दीड फुटी टाकीत कोणते मासे ठेवावेत?

प्रश्नात तपशील दिलेत ते बरं केलंत: रिसेप्शनवर दीड फुटी टाकी, दहा-बारा माणसं, शनिवार-रविवार सुट्टी, आणि साहेबांना कुणीतरी सांगितलंय की आठ सोनेरी नि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवले की बरकत येते. मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते आणि तिथली टाकी माझ्याच गळ्यात आहे, म्हणून लिहितेय.

थेट उत्तर आधी देते. एक नर फायटर, नाहीतर सहा-सात नर गप्पी. गोल्डफिश अजिबात नकोत.

आता कारण. दुकानात गेलं की आपण रंग बघून मासा पसंत करतो. ऑफिससाठी मासा घेताना शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ डोळ्यांपुढे ठेवायची. शेवटचा माणूस जाताना मेन स्विच पाडून जातो. त्याचं काही चुकत नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पण फिल्टर बंद, ऑक्सिजनची मोटर बंद, थंडीत हीटरही बंद, आणि बघायला कुणी नाही. सोमवारी कुलूप उघडल्यावर जो धडधाकट दिसेल तो आपला मासा. त्यामुळे मासे आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि टाकीचा पॉइंट वेगळ्या एमसीबीवर घ्यायला सांगा. त्या एमसीबीवर लाल चिकटपट्टी लावून 'मासे - बंद करू नये' असं लिहा. एवढं करूनही वीज जाणारच आहे, आणि तिथेच फायटर कामाला येतो.

फायटरच्या कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्यातून तो हवेतला प्राणवायू घेतो. वर येऊन चक्क हवा गिळतो आणि पुन्हा खाली जातो. थायलंडकडच्या भातखाचरांतल्या आणि डबक्यांतल्या उथळ, कोंदट पाण्यातली ही जात, त्यामुळे मोटर दोन दिवस बंद राहिली तरी तो गुदमरत नाही. याचा अर्थ त्याला काचेच्या बरणीत कोंबावं असा मात्र होत नाही. दुकानात तो पेलाभर पाण्यात ठेवलेला असतो, ती फक्त विकण्याची सोय. तुमची टाकी १८ बाय १२ बाय १२ इंचाची असेल तर काठोकाठ ४२ लिटर होते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ३५ लिटरच्या आसपास पाणी उरतं. एका फायटरला हा बंगला आहे.

लांब झालरीवाला हाफमून प्रकारचा फायटर दिसतो देखणा, पण ते ओझं घेऊन पोहताना दमतो आणि शेपटी फाटून घेतो. आखूड शेपटीचा प्लाकट मागा, तो जास्त काटक असतो. पाण्याचा जोर त्याला सोसत नाही, म्हणून पॉवर फिल्टरऐवजी साधा स्पंज फिल्टर लावा. दोन नर एकत्र कधीच नकोत. गप्पीही त्याच्यासोबत नकोत, त्यांच्या शेपट्या तो कुरतडतो. एकटा मासा ठेवला तर टाकी रिकामी वाटेल, ही शंका साहेब काढतीलच. वाटत नाही. चार दिवसांत तो माणसं ओळखायला लागतो आणि काचेपाशी कुणी वाकलं की कल्ले फुगवून समोर येतो. आमच्याकडे रिटर्न भरायच्या गर्दीत ताटकळलेले क्लायंट मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याशी बोटाने खेळत बसतात.

फायटरला पाणी २५ ते २७ अंश लागतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या बंद ऑफिसात रात्रीचं पाणी याच्या बरंच खाली जातं, म्हणून ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लागेलच. मुंबई-ठाण्यात असाल तर थंडीपेक्षा एसीची काळजी करा. एसीचा झोत टाकीवर येऊ देऊ नका.

गप्पी तुम्ही पाहिलेले असणारच. महापालिकेचे मलेरिया विभागवाले डास कमी व्हावेत म्हणून डबक्यांत आणि टाक्यांत सोडतात तेच हे मासे. दुकानातले रंगीत गप्पी त्यांचेच नाजूक भाऊबंद. घ्यायचे ते फक्त नर. रंग आणि मोठी शेपटी नरालाच असते. तरी खात्री करायची तर पोटाखालचा मागचा पर बघा. नराचा काडीसारखा टोकदार असतो, मादीचा छोट्या पंख्यासारखा. दुकानदार 'जोडी घ्या, जोडी' म्हणेल, पण ऐकू नका. मादी महिन्या-महिन्याला पिल्लं घालते, आणि एकदा नराशी संबंध आला की पुढे कित्येक महिने नराशिवायही घालत राहते. मग ऑफिसात 'कुणाला गप्पी हवेत का' म्हणत फिरायची वेळ येते.

दोन्हींतलं काय निवडायचं ते पाण्यावर ठरवा. बिल्डिंगला बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल (नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल) तर गप्पी मजेत राहतात. धरणाचं हलकं पाणी असेल तर फायटर बरा. कूलरमधलं आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून ओतायचा मोह कुणालातरी होतोच, त्यांना वेळीच थांबवा. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात, आणि माशांना ते क्षार लागतात.

तिसरा पर्याय झेब्रा. हा आपल्याच देशातला मासा, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेपासून जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळतात, इतका तो चिवट. थंडीची तर त्याला पर्वाच नाही. पण त्याला थव्याने सुसाट पळायला लांबी लागते, दीड फूट अपुरं पडतं. दोन फुटी टाकी असती तर मी त्याचंच नाव पहिलं घेतलं असतं. झाकण मात्र घट्ट हवं, उड्या मारतो.

आता साहेबांचे गोल्डफिश. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. खातो भरपूर, घाण त्याहून जास्त. ३५ लिटरमध्ये असे नऊ सोडले तर पाण्यातला अमोनिया आठवड्याभरात जीवघेणा होतो, आणि मग एकेक मासा पोट वर करतो. साहेबांना शास्त्र सांगत बसू नका. 'रिसेप्शनवर दर सोमवारी मेलेला मासा दिसणं बरं नाही, क्लायंट येतात' एवढंच म्हणा. वास्तूचं ज्यांना पटतं त्यांना हेही पटतं.

दुकानदार आणखी काही माल पुढे करेल. सकर 'काच साफ करतो' म्हणून देतात. तो फूट-दीड फूट वाढतो आणि शेवटी कुणीतरी त्याला नदीत सोडून येतं. उजनीच्या जलाशयात हे सकर किती माजलेत ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. काचेसाठी दोन गोगलगायी पुरतात, किंवा जुनं एटीएम कार्ड. 'शार्क' म्हणून विकतात तो खरं तर पंगस, बाजारात खायला मिळतो तोच. एंजल उंच टाकीचा मासा. निऑन टेट्रा सुंदर, पण नव्या टाकीत टिकत नाही, सहा महिन्यांनी बघा. आणि गुलाबी-जांभळे टेट्रा दिसले तर विचारून घ्या, काहींना रंग टोचलेला असतो.

टाकी बसवली त्याच दिवशी मासे सोडू नका. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या चालू, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हे काम बरंच लवकर होतं. घरी टाकी असलेला एखादा सहकारी शोधा. स्पंज ओल्या पिशवीत आणायचा आणि नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. आदल्या दिवशी बादली भरून ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

खाणं एकाच माणसाने घालायचं. ऑफिसातल्या माशांना सगळेच चारतात: चहाला आलेला बिस्किटाचा तुकडा टाकतो, डब्यातला चिवडा पडतो, दुपारी कुणीतरी 'बिचारे उपाशी दिसतात' म्हणून पुन्हा चिमूट सोडतं. आम्ही औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी आणली. सोमवारी सकाळी पाच खणांत मोजून दाणे भरायचे, फायटरला दिवसाचे चार-पाच. शनिवार-रविवारचे खण रिकामे. आजचा खण रिकामा दिसला की जेवण झालंय, वाद नाही. दोन दिवसांच्या उपासाने धडधाकट माशाला काही होत नाही. दिवाळीच्या चार-पाच दिवसांतही नाही. सुट्टीआधी जास्तीचं खाणं टाकून जाणं त्याहून कितीतरी घातक, ते कुजतं.

आणि पेस्ट कंट्रोल. ऑफिसात ते बहुतेक शनिवारी होतं, तुम्हाला न विचारता. झुरळांच्या फवाऱ्यातली औषधं माशांना मारायला अगदी थोडी पुरतात, आणि ऑक्सिजनची मोटर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडते. आमच्याच मजल्यावरच्या एका ऑफिसची अख्खी टाकी अशी गेली. ॲडमिनला सांगून ठेवा: फवारणीआधी मोटर बंद, टाकीवर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक, खोलीतला वास गेल्यावरच उघडायचं. आता तेव्हा मोटर बंद ठेवायची म्हटल्यावर पुन्हा फायटरच बरा, नाही का? डासांच्या कॉइल आणि हाऊसकीपिंगच्या मावशींचा काचेवरचा स्प्रेही टाकीपासून लांब. काच बाहेरून नुसत्या ओल्या फडक्याने पुसायची.

तुमच्याकडे पाणी बोअरचं आहे की महापालिकेचं, आणि टाकीची नेमकी उंची किती, तेवढं कळवा. त्यावरून झाडं कोणती लावायची ते सांगते.