कॉलमचं नाव बदललं आणि अ‍ॅप बसलं

प्रश्न : ताई, मी अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत बॅकएंड सांभाळतो. आमचं अ‍ॅप सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढतं. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर दोन. परवा ‘फोन’ कॉलमचं नाव ‘मोबाइल’ केलं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, सुरळीत चाललं. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या साइटवर, डिप्लॉय (नवा कोड चढवणं) संपेपर्यंत एररच एरर. यापुढे रात्री दोनला साइट बंद ठेवून डिप्लॉय करायचं, असं साहेब म्हणतात. तेच बरं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : साहेबही जागणार असतील तर विचार करा! सर्व्हर एकामागून एक बदलतात, तेवढा वेळ जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालतो. जुना ‘फोन’ मागतो आणि तो कॉलम तर गेलेला. स्टेजिंगला बहुधा एकच सर्व्हर असेल, म्हणून तिथे हे दिसलं नाही.

नाव बदलूच नका. ‘मोबाइल’ नव्याने जोडा, रिकामा चालेल असा. मग कोडने दोन्हीकडे लिहावं, वाचावं जुन्यातूनच. हा कोड दोन्ही सर्व्हरवर चढला की जुन्या नोंदी थोड्याथोड्या करून भरा. एकाच अपडेटमध्ये सगळं टेबल उरकायला गेलात, तर त्या नोंदी शेवटपर्यंत लॉक राहतील, म्हणजे दुसऱ्या कुणाला बदलता येणार नाहीत. भरून झालं की वाचन नव्यावर न्या, मग जुन्यात लिहिणं थांबवा. जुना कॉलम काढायची मात्र घाई नको. बिलांचा एक फेरा होऊ द्या. महिन्यातून एकदाच चालणारी एखादी स्क्रिप्ट हमखास जुनं नाव धरून बसलेली असते.

कॉलम जोडणं क्षणाचं काम. पोस्टग्रेस ११ पासून, म्हणजे 2018 पासून, ठरावीक डिफॉल्ट दिला तरी अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. पण त्या क्षणापुरता कॉलम जोडणाऱ्या ‘ऑल्टर टेबल’ या आज्ञेला टेबलाचा पूर्ण लॉक लागतो. त्याच टेबलावर अकाउंट्सचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर ऑल्टर अडतं, आणि दादरच्या जिन्यात कुणाची ट्रंक अडकावी तशा त्याच्यामागे साध्या सिलेक्टही (नुसतं वाचणाऱ्या क्वेरी) खोळंबतात. म्हणून मायग्रेशनच्या, म्हणजे टेबल बदलणाऱ्या स्क्रिप्टच्या, सुरुवातीलाच ‘लॉक टाइमआउट’ (लॉकसाठी थांबायची मर्यादा) दोन सेकंदांचा ठेवा. लॉक नाही मिळाला तर मायग्रेशन रद्द होईल. थोड्या वेळाने पुन्हा चालवा.

शोध जलद करणारा इंडेक्स लावायचा तर ‘कॉन्करंटली’ लिहा, म्हणजे तेवढा वेळ टेबलात लिहिणं अडत नाही. ते ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकत्र पक्कं, नाहीतर एकत्र रद्द) चालत नाही, म्हणून त्याची मायग्रेशन फाइल वेगळी.

डिप्लॉय सकाळी अकराला करा, सगळे जागेवर असताना. बिलं भरायच्या गर्दीचे दिवस तेवढे टाळा.