स्थानबद्ध, नजरकैद की कैद?

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच रहिवाशांना छावण्यांत डांबले, त्याला 'स्थानबद्धता' म्हणावे की 'नजरकैद'?

दोन्ही नकोत. आणि भाषांतरांत सारखे भेटणारे 'स्थलांतर' तर मुळीच नको. स्थलांतर ऊसतोड कामगार करतात, पक्षी करतात. अमेरिकी सरकारने 'रिलोकेशन' हा गुळगुळीत शब्द मुद्दाम वापरला होता. त्याचे शब्दशः मराठी करणे म्हणजे त्या सरकारचीच बाजू मांडणे.

'स्थानबद्ध' म्हणजे आहे त्या स्थानी बद्ध. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते : जिल्ह्याबाहेर जायला बंदी, पण राहायला घर होते, भोवती गाव होते. अमेरिकेत शीर्षकातले तिन्ही शब्द लागू पडतात, पण एकापाठोपाठ एक, आणि छावण्यांना फक्त शेवटचा. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला : ठरावीक भागातून कुणालाही हटवण्याचा अधिकार लष्कराला. मार्चअखेरीस रात्री ८ ते सकाळी ६ संचारबंदी आली आणि कामधंदा सोडून घरापासून ५ मैलांपलीकडे जायला मनाई झाली. ही नजरकैद. २९ मार्चच्या मध्यरात्रीपासून पश्चिम किनाऱ्याचा लष्करी पट्टा सोडून जायलाच बंदी. ही खरी स्थानबद्धता, आणि ती काही आठवडेच टिकली. मग वस्तीवस्तीत हुकूम चिकटवले गेले : अंथरूण-पांघरूण, कपडे, ताटवाट्या, उचलता येईल तेवढेच घेऊन हजर व्हा. फ्रेड कोरेमात्सू या जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकाला त्या पट्ट्यातून बाहेर पडायलाही बंदी होती आणि घरी राहायलाही. कायदा न मोडता करण्यासारखे एकच उरले, आपणहून हजर होणे. तो गेला नाही. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यालाच दोषी धरले.

हजर झाल्यानंतरचे सगळे 'कैद'. या शब्दासाठीच तर हे उत्तर लिहायला घेतले. काही शब्दरसिक 'कायदा' आणि 'कैद' ही सख्खी भावंडे मानतात. साफ चूक! 'कायदा'चा अरबी धातू 'बसणे' या अर्थाचा, त्यावरून बैठक, पाया, नियम. 'कैद'चा धातू वेगळा. मूळ अर्थ जनावराच्या पायातली दोरी, आपल्या जुन्या 'पायबंदा'ची बहीण. आणि अरबीत याच 'कैद'चा दुसरा अर्थ आहे नोंद, दप्तरात टिपून ठेवणे. माझे मत असे की ही दुसरी छटा पहिलीतूनच आली : जे टिपले ते बांधले गेले. १९४२ मध्ये तसेच घडले. १९४० च्या जनगणनेतून कुठल्या गल्लीत किती जपानी वंशाचे राहतात हे आकडे लष्कराला मिळाले. हजेरीच्या ठिकाणी प्रत्येक कुटुंबाला क्रमांक मिळाला आणि त्याची चिठ्ठी सामानाला नि अंगावरच्या कोटालाही बांधली गेली. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तात्पुरती छावणी होती, तिथे कित्येक कुटुंबे घोड्यांच्या ठाणांत राहिली. आधी नोंद, मग पायबंद, तोही घोड्यांच्याच जागी. याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

डांबलेल्यांसाठी 'स्थानबद्धता' वापरायचीच तर एका गटापुरती ठेवा. १७९८ च्या कायद्यान्वये ज्या शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना, त्यांत जर्मन आणि इटालियनही आले, न्याय खात्याने पकडले, त्यांना हा शब्द चालेल. पण छावण्यांतल्या सुमारे १,२०,००० जणांपैकी दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन होते. भिंतींवरच्या हुकमांत त्यांना 'नागरिक' म्हटलेलेच नाही. 'परकी आणि अ-परकी' असे शब्द आहेत. नागरिकाला 'अ-परकी' म्हणणाऱ्या कागदावरचे इतर शब्द तरी जसेच्या तसे का उचलायचे?

१९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्या मजकुरात वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही कारणे स्वच्छ नोंदली आहेत. 'स्थलांतर' मात्र तिथेही तसेच आहे.